पश्चात्तापाला पहिलं बक्षीस

तुरुंगावरच्या कवितेला टाळ्या कशा पडतात ते मी पाहिलं आहे. माणसं आधी डोळे मिटतात, मग मान हलवतात, मग ‘वा’ म्हणतात. कार्यक्रम संपला की बाहेर येतात आणि आपल्या गाडीला कोणी गाडी आडवी लावली म्हणून वॉचमनवर ओरडतात. गंगापूर रोडच्या एका सभागृहात मी मागच्या रांगेत बसले होते. पुढे बेड्यांची, गजांची, गजांतून येणाऱ्या उन्हाच्या तुकड्याची कविता चालू होती. वाचणारे सगळे बाहेरचे. ज्यांनी लिहिल्या ते आत होते, आणि त्यांच्यात माझा भाऊ होता. त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात वाजवल्या. आज त्या आठवल्या की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी काही कवितेतली बाई नव्हे. कोर्टासमोरच्या एका गाळ्यात मी टायपिंग करते. पूर्वी मशीनवर करायचे, आता कॉम्प्युटरवर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावातला बदल, हरवलेली गुणपत्रिका. दिवसभर ‘मी खाली सही करणार’ असं लिहीत बसायचं. सकाळी मी नवऱ्याला कंटाळलेली बायको असते, दुपारी भावकीत जमीन अडकलेला म्हातारा. इतक्या लोकांचा ‘मी’ माझ्या बोटांखालून गेला, पण त्यांच्या भानगडी माझ्या आहेत असं आजवर कोणाला वाटलं नाही. टायपिस्टबाईच्या बाबतीत लोकांना तेवढी अक्कल असते.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. एका खाजगी संस्थेच्या शाळेत तो शिपाई होता. घंटा वाजवायची, फळे पुसायचे, साहेबांचा चहा आणायचा आणि सगळ्यांकडून ‘अरे’ ऐकून घ्यायचं. संध्याकाळी मात्र आमच्या नाशिकरोडकडच्या वसाहतीत त्याचा रुबाब वेगळा. तिथल्या गायन पार्टीचा तो कवी. पेटी, ढोलकी, मागे चार-पाच जणांचा कोरस. जयंती असो, लग्न असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, गाणी त्याची.

गायन पार्टीचा एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. गाणं कोणाच्याही तोंडचं असो, नाव रचणाऱ्याचं. भावाचं एक गाणं आहे, बाळंतपणात गेलेल्या बाईच्या तोंडचं. ‘मी’ म्हणून ती बाई सगळं सांगते आणि शेवटच्या ओळीत माझ्या भावाचं नाव येतं, ‘अमुक म्हणे’ अशा थाटात. ते नाव आलं की कोरस चढतो आणि लोक नोटा काढतात. पुऱ्या वसाहतीत कोणी त्याला कधी विचारलं नाही की बाबा, तू बाळंत कधी झालास?

तर हा माणूस तुरुंगात कसा गेला? एका बंदच्या दिवशी चौकात दगडफेक झाली, एक दुकान जळलं, एकाचं डोकं फुटलं. कोणाच्या तरी मोबाइलमधल्या व्हिडिओत गर्दी दिसत होती आणि गर्दीत शाळेतून घरी येताना अडकलेला माझा भाऊ. हातात जेवणाचा डबा. त्या डब्याचा पुढे कागदोपत्री ‘ज्वलनशील पदार्थाचा डबा’ झाला. आईने दिलेली मेथीची भाजी होती त्यात. जामीन होत नव्हता, झाला तर जामीनदार मिळत नव्हता, आणि असं करत करत दोन वर्षांच्या वर तो आत राहिला. शाळेने पहिल्याच आठवड्यात निलंबनाचा कागद घरी पाठवला. इतक्या तत्परतेने त्या शाळेचा दुसरा कुठलाही कागद कधी आला नव्हता.

मुलाकातीला मी जायचे. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे मी, मध्ये खरखरणारा फोन. बाहेर आम्ही रांगेत, चपला उन्हात तापलेल्या, पिशव्या तपासायला उघडलेल्या. रांगेतल्या बायकांना सगळे ‘ए बाई’ म्हणत. शिक्षा आतल्याला असते असं कायद्यात लिहिलंय, पण ती रांग बघितल्यावर कायदा लिहिणारा कधी मुलाकातीला गेला नव्हता हे लगेच कळतं.

तो मला आतलं सांगायचा, तेही गंमत करत. “ताई, इथं दोनच जाती. कच्चे आणि पक्के.” खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा लागलेला तो पक्का. बराकीत इतकी दाटी की एकाने कूस बदलली तर ओळीने सगळ्यांनी बदलायची. सकाळी गिनती, संध्याकाळी गिनती. कोर्टात न्यायला गाडी नसली की तारीख हुकायची, पुढची तारीख महिन्याने. एकदा मी विचारलं, “मारतात का रे?” तो म्हणाला, “मारण्याचं सोड. उद्या आपलं काय होणार ते दुसऱ्याला ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं, तेच लय वाईट.” पुढच्या मुलाकातीला त्याने हेच फोनवर चालीत म्हणून दाखवलं. मागच्या शिपायाने वेळ संपल्याची खूण केली तरी कडवं पुरं केलं, शेवटी स्वतःच्या नावासकट. कागद मिळायचा नाही म्हणून तो गाणी डोक्यातच रचायचा. चाल असली की विसरत नाही म्हणायचा.

मग शहरातल्या एका साहित्य मंडळाला कैद्यांचा कळवळा आला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळं शहर ‘सर’ म्हणतं, मीही तेच म्हणते. शुभ्र झब्बा, मऊ आवाज, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. सरांनी तुरुंगात काव्यस्पर्धा घेतली. विषय ठेवला ‘पश्चात्ताप’. कच्चे आणि पक्के सगळ्यांना एकच विषय! ज्याचा खटला अजून उभा राहिला नाही त्याला पश्चात्तापावर लिही म्हणणं म्हणजे ज्याच्या ताटात अजून काही वाढलं नाही त्याला ढेकर दे म्हणणं. हे एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. निबंध द्यावा तसा विषय देऊन मोकळे झाले.

भाऊ भाग घेणार नव्हता. “कशाचा पश्चात्ताप करू? मेथीचा?” असं म्हणाला होता मला. पण त्याच्या बराकीत सुरगाण्याकडचा एक म्हातारा होता, डोंगरातला. शिक्षा लागलेला, आजारी म्हणून काही दिवस इकडे आणून ठेवलेला. बांधाच्या भांडणात, दारूच्या तारेत त्याने सख्ख्या धाकट्या भावाला कुऱ्हाडीने मारलं होतं. कोर्टात नाकारलं नाही, कोणापुढे नाकारत नव्हता. त्याला भेटायला वर्षानुवर्षं कोणी आलं नव्हतं. त्याची एकच इच्छा होती. धाकट्याची बायको अजून गावात होती, तिच्यापर्यंत हे पोचावं की मला लाज वाटते. लिहिता येत नव्हतं. माझ्या भावाला तो म्हणाला, “मना गाना बनव.” माझं गाणं कर.

भावाने केलं. मोठं आहे, मी चारच ओळी देते:

हातभर बांधासाठी मी उचलली कुऱ्हाड,
पाठचा भाऊ आडवा पडला, साक्षी होता पहाड.
भाकर मोडता हात थांबतो, वाटते त्याची लाज,
अमुक म्हणे, भावजयीला तोंड दावू कसं आज.

त्या ‘अमुक’च्या जागी माझ्या भावाचं नाव आहे. म्हाताऱ्याला चाल लावून म्हणून दाखवलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि पुन्हा म्हण, पुन्हा म्हण असं करत राहिला. मग भावाने तेच स्पर्धेत दिलं. बक्षीस मिळालं तर बाहेर छापून येईल, आणि छापून आलं तर त्या बाईपर्यंत जाईल, एवढाच हिशोब. आणि आलं पहिलं.

बक्षीस द्यायला सर आत गेले होते. भावाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. गाणं कसं सुचलं, कोणाचं आहे, एक शब्द विचारला नाही. शेजारच्या अधिकाऱ्याला तेवढं विचारलं, “याची केस कसली?” अधिकाऱ्याने सांगितलं, दंगलीची, जाळपोळ, खुनाचा प्रयत्न. सरांनी मान हलवली. त्या हललेल्या मानेतून पुढचं सगळं बाहेर पडलं.

बक्षीसपात्र कवितांची एक पुस्तिका निघाली, तिचं प्रकाशन मी सुरुवातीला सांगितलेल्या सभागृहात झालं. प्रत्येक कवितेच्या डोक्यावर सरांची टिपण्णी. घरी आल्यावर आईने ती पुस्तिका हातात घेतली, वाचता येत नव्हतं तरी नाव ओळखलं. “माझ्या लेकाचं नाव छापून आलं हाय,” म्हणाली आणि बुद्धाच्या फोटोजवळ ठेवली. आम्ही टिपण्णी वाचलीच नाही. नाव वाचलं, त्यातच पोट भरलं.

पुढच्या हिवाळ्यात निकाल लागला. भाऊ निर्दोष सुटला. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं. मी त्या निकालाच्या प्रती स्वतः काढल्या, गाळ्यात सगळ्यांना पेढे वाटले, आणि भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेला. निर्दोष सुटलेल्या माणसाला कामावर परत घ्यायचं असतं, एवढं टायपिंग करून करून मलाही कळतं.

संस्थेच्या सचिवांनी त्याला उभं ठेवलं आणि निकाल बाजूला सारून टेबलाच्या खणातून ती पुस्तिका काढली. प्रकाशनाला तेच प्रमुख पाहुणे होते. “कोर्टाने सोडलं, छान झालं. पण हे काय आहे? तू स्वतःच कबूल केलंयस. खाली तुझं नाव आहे.” भावाला काही समजेना. मग त्यांनी सरांची टिपण्णी वाचून दाखवली. तिचा मथितार्थ असा: कुऱ्हाड हे हिंसेचं प्रतीक, बांध हे समाजातल्या भिंतींचं प्रतीक, आणि कवीने दंगलीतल्या आपल्या कृत्याची प्रामाणिक कबुली देऊन शेवटी स्वतःचं नाव घेण्याचं धैर्य दाखवलं आहे.

धैर्य म्हणे! अहो, तो रिवाज आहे. लग्नात नवरी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते म्हणून तिने पोलिसांत जबाब दिला असं होतं का? आणि एवढी प्रतीकं शोधणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही की कुऱ्हाड ही कुऱ्हाडसुद्धा असू शकते, बांध हा बांध, आणि बराकीत माझ्या भावाशिवाय दुसरं कोणी असू शकतं. त्या रात्री मी ती टिपण्णी चारदा वाचली आणि दरवेळी जास्त चिडले.

संस्थेने चौकशी नेमली. मुलांमध्ये वावरणारा माणूस, पालक विचारतात, वगैरे. मी सरांकडे गेले. बंगला, अंगणात झोपाळा, वहिनींनी चहा दिला, बिस्किटं दिली, अगदी अगत्याने. मी सगळं सांगितलं: म्हातारा, भावजय, गायन पार्टी, शेवटच्या कडव्यातलं नाव. सर इतके रंगून ऐकत होते की मला वाटलं झालं आपलं काम. मग म्हणाले, “ही माहिती फार मौलिक आहे हं. नोंद केली पाहिजे.” आणि मोबाइलवर नोंद केली.

“सर, नोंद नको. तुम्ही चुकलात एवढं एका कागदावर लिहून द्या.”

ते हसले. “त्याचं कसं आहे ताई, कविता एकदा लिहिली की तिचा अर्थ कवीच्या हातात राहत नाही.”

“आणि पगार? तो कोणाच्या हातात राहतो?”

वहिनी कप उचलायला आल्या म्हणून बोलणं तिथेच थांबलं. सर कागदावर काही लिहून द्यायला तयार नव्हते. त्या टिपण्णीवर त्यांना ठिकठिकाणी व्याख्यानं मिळाली होती, हे मला नंतर कळलं. पण चौकशीला येऊन बोलतो म्हणाले. “माझ्यावर सोडा,” म्हणाले. मी सोडलं.

चौकशी उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली, शाळेच्या रिकाम्या प्रयोगशाळेत. सचिव, मुख्याध्यापिका आणि एक निवृत्त अधिकारी असे तिघे टेबलामागे. भावाला बाहेरच्या स्टुलावर बसवलं, ज्यावर तो पंधरा वर्षं बसत होता त्याच. आत बोलावल्यावर त्याला खुर्ची द्यायची कोणाला आठवण झाली नाही, मी शेजारची ओढून दिली. मला त्याच्या वतीने कागदपत्रं सांभाळायला बसू दिलं होतं, बोलायचं नाही या अटीवर.

सरांनी सुरुवात सुंदर केली. लोकपरंपरा, नाममुद्रा, परकायाप्रवेश. मी आठवडाभर आधी त्यांच्या झोपाळ्यावर बसून जे सांगितलं होतं ते त्यांच्या तोंडून ऐकताना मलाही पटलं. मुख्याध्यापिका मान हलवू लागल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच सचिवांनी विचारलं, “म्हणजे सर, तुम्ही पुस्तिकेत लिहिलंय ते चूक आहे असं आम्ही नोंदवायचं का?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चूक असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “कवितेला अनेक पातळ्या असतात. एका पातळीवर ती कबुली आहेच.”

निवृत्त अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं. एका पातळीवर कबुली आहेच. एवढ्या शब्दांत एका माणसाची पंधरा वर्षांची नोकरी मावते. सरांना फक्त ‘चुकलो’ म्हणायचं होतं. तीन अक्षरं. ती न म्हणण्यासाठी त्यांनी किती पातळ्या बांधल्या!

मी उठले. अट गेली खड्ड्यात. “याला भाऊच नाही,” मी म्हणाले. “मी एकटी बहीण आहे, ती ही तुमच्यासमोर जिवंत उभी आहे. ज्या भावाला मारल्याची हा कबुली देतो तो आमच्या आईने जन्माला घातलाच नाही. बंदच्या दिवशी कोणी मेलं नाही, कुऱ्हाड कोणाच्या हातात नव्हती, आणि आमच्या सात पिढ्यांत बांधावरून भांडायला जमीन नाही! मी रोज कोर्टापुढे शंभर जणांचं ‘मी’ टाइप करते. मग मला पण आत टाका.”

“बाई, आवाज खाली,” सचिव म्हणाले. मग मुख्याध्यापिकांशी काही कुजबुजले आणि एकदम मऊ झाले. भावापुढे कोरा कागद सरकवला. “हे बघ, आम्हाला तुझं वाईट करायचं नाही. एक लिहून दे. ही कविता माझी नाही, दुसऱ्याची आहे, माझ्या नावाने चुकून छापली गेली. बस्स. जूनपासून कामावर ये.”

मी मनात म्हटलं, सुटलो. भावाला कोपराने ढोसलं. “लिही रे. लिही लवकर.” त्याने पेन घेतलं. मग दोन वाक्यं लिहिली आणि कागद फिरवून पुढे ठेवला.

कविता माझी आहे. गुन्हा माझा नाही.

सचिवांनी वाचलं, शेजाऱ्याला दिलं, परत घेतलं. “अरे, असं नाही चालत. दोन्हीतलं एक लिही.”

“दोन्ही खरंय साहेब.”

“मग आम्ही काय समजायचं?”

भाऊ म्हणाला, “तो म्हातारा आत वारला साहेब. त्याच्या भावजयीला कोणी गाणं पोचवलं नाय. पुस्तकाची एक प्रत नाय गेली तिकडं. आता मी पण म्हटलं की माझं नाय, तर ते कुणाचंच राहत नाय. त्याला मी शब्द दिला होता.”

सर तिथेच बसलेले होते. म्हातारा वारल्याचं ऐकून त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं. मनापासून म्हटलं असेल. मला मात्र त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता, सरांचा, सचिवांचा, त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा आणि सगळ्यांत जास्त माझ्या भावाचा. घरात आईच्या डायलिसिसची वेळ आलेली, याची बायको दोन पोरं घेऊन माहेरी ओझरला जाऊन बसलेली, आणि हा शब्द पाळतोय! मी त्याच्या हातातलं पेन ओढलं, तुझ्या नावाने मीच लिहिते म्हणाले. त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही. लहानपणापासून त्याने माझा हात कधी अडवला नव्हता.

बाहेर पडल्यावर व्हरांड्यात सर आमच्या मागे आले. भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “खचू नकोस. हे सगळं लिही तू. सुटून आलेल्या माणसाला समाज बाहेर कशी शिक्षा देतो. मोठी कविता होईल.”

माझा भाऊ मोठ्या माणसांना उलट बोलत नाही. त्याने खांद्यावरचा हात अलगद खाली केला आणि म्हणाला, “तुम्हीच लिहा सर. नोकरी माझी गेली, विषय तुम्ही घ्या.”

नोकरी गेलीच. संस्थेच्या पत्रात ‘वर्तनाबाबत समाधानकारक खुलासा नाही’ असं कारण आहे. आम्ही दाद मागितली आहे, तारखा पडतात, कागद मी टाइप करते. भाऊ आता लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडण्या-भरण्याच्या कामाला जातो, सकाळच्या गाडीने. बायको परत आली. गायन पार्टीत तो बसतो, पण पेटीच्या मागे. गाणी आता दुसराच कोणी करतो. मी विचारलं तर म्हणाला, सुचत नाही. खोटं बोलतो. चालता चालता त्याची बोटं मांडीवर ताल धरतात ते मला दिसतं.

आणि सरांनी विषय घेतला.

मराठी भाषा दिनाला त्याच शाळेच्या मैदानात कविसंमेलन होतं, पालकांना आणि गावाला खुलं. मला गाळ्यातल्या एका वकिलाने सांगितलं, सर नवी कविता म्हणणार आहेत, तुरुंगावरची, फार गाजतेय. मी गेले. सचिव पहिल्या रांगेत, मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी. सर उभे राहिले, डोळे मिटले. कविता ‘मी’ म्हणून होती. मी कैदी. माझ्या हाताला लागलेलं रक्त. मी भोगून आलो, आणि आता या फाटकाबाहेर उभा आहे, मला आत घ्या. शब्द चांगले होते, खोटं कशाला बोलू. बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेवटची ओळ संपली तशी पहिली रांग उभी राहिली. सचिव सगळ्यांत आधी उठले आणि टाळ्या वाजवत राहिले, हात लाल होईपर्यंत.

टाळ्या थांबल्या तेव्हा मीही उभी राहिले. मला माईक लागत नाही, माझा आवाज कोर्टाच्या आवारात तयार झालेला आहे.

“सर,” मी विचारलं, “रक्त कोणाचं होतं? कोणाचा खून केलात तुम्ही?”

मैदान हसलं. अगदी मोकळं, प्रेमळ हसणं, कोणी खेडवळ बाई काही भलतंच विचारते तेव्हा चांगली माणसं हसतात तसं. सरही हसले. सचिव मागे वळले, मला ओळखलं, आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा स्वरात म्हणाले, “अहो बाई, बसा. कविता आहे ती.”